पॅन-डी, ओमेझ, जेल्युसिल, ईनो: दुसऱ्या गोळ्यांबरोबर कोणतं औषध चालतं, कोणतं नाही

जळजळ किती वेळात थांबते आणि जेलची चव कशी आहे, एवढ्यावर पित्ताच्या औषधांची तुलना करण्यात फारसा अर्थ नाही. त्या बाबतीत बाजारातली बहुतेक औषधं आपलं काम करतात. खरा फरक पडतो तो घरातल्या दुसऱ्या गोळ्यांमुळे. सकाळची थायरॉइडची गोळी, हृदयाला स्टेंट बसवल्यावरची रक्त पातळ करणारी गोळी, गजकर्णासाठी दिलेली इट्राकोनॅझोलची कॅप्सूल, रात्रीची कोलेस्टेरॉलची गोळी: यांच्या जोडीला पोटाचं औषध सुरू झालं की कुणाचा तरी असर घटतो किंवा वाढतो. म्हणून या परीक्षणात कसोटी एकच आहे: हे औषध दुसऱ्यांबरोबर कितपत जमवून घेतं?

मेडिकलमध्ये विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं, "दोन तासांचं अंतर ठेवा." हे अर्धंच खरं आहे. काही औषधं पोटात एकमेकांना चिकटतात; तिथे अंतर ठेवलं की प्रश्न मिटतो. काही औषधांना विरघळायला आम्ल लागतं आणि पित्ताची गोळी ते आम्लच दिवसभरासाठी कमी करते. तिथे दोन तासांनी काही साधत नाही. तिसरा प्रकार यकृतातल्या विकरांचा (औषधांवर प्रक्रिया करणारी एन्झाइम) आणि हृदयाच्या ठोक्यांचा. तिथे एक गोळी सकाळी आणि दुसरी रात्री घेतली तरी धोका तसाच राहतो. पुढे प्रत्येक औषधाबद्दल वाचताना भानगड या तिन्हींपैकी कोणत्या जातीची आहे, ते पाहत चला.

पॅन-डी आणि त्याची भावंडं

सर्वांत आधी हेच, कारण घरोघरी हेच असतं. पट्टीच्या मागची बारीक अक्षरं वाचा: पँटोप्रॅझोल ४० मिलिग्रॅम आणि डॉम्पेरिडोन ३० मिलिग्रॅम. कॅप्सूलमध्ये दोन जातींचे दाणे असतात. पँटोप्रॅझोलच्या दाण्यांवर आम्लात न विरघळणारा लेप असतो, तर डॉम्पेरिडोनचे दाणे हळूहळू सुटत राहतात. म्हणून ही कॅप्सूल फोडून पूड करून किंवा चावून घ्यायची नाही. दुसऱ्या नावाची घेतली किंवा जनऔषधी केंद्रातली घेतली तरी घटक आणि मात्रा तीच असेल, तर पुढचं सगळं तसंच लागू होतं. दोष कंपनीचा नसतो, रेणूचा असतो.

लोक हिला 'गॅसची गोळी' म्हणतात. प्रत्यक्षात ती दोन वेगळी औषधं आहेत. त्यातलं आम्ल कमी करणारं पँटोप्रॅझोल बरंच समजूतदार आहे, काळजी घ्यायची ती डॉम्पेरिडोनची. डॉम्पेरिडोन हे मळमळ आणि उलटीवरचं औषध. हृदयाच्या ठोक्यातला विद्युत टप्पा, ज्याला ईसीजीवर क्यूटी म्हणतात, तो त्याने लांबू शकतो. २०१४ साली युरोपच्या औषध नियामक संस्थेने त्यावर स्पष्ट मर्यादा घातल्या: फक्त मळमळ-उलटीसाठी, मोठ्या माणसाला १० मिलिग्रॅम दिवसातून जास्तीत जास्त तीन वेळा, आणि साधारणपणे एका आठवड्यापेक्षा जास्त नाही. पोट फुगणं आणि छातीतली जळजळ यांसाठी ते देऊ नये, असंही तेव्हाच सांगितलं गेलं. अमेरिकेत तर या औषधाला मंजुरीच नाही. म्हणजे पॅन-डीची एक कॅप्सूल दिवसाची कमाल मर्यादा एकटीच गाठते, आणि आपल्याकडे ती महिनोन्महिने चालू असते.

आता बेरीज पाहा. मळमळीसाठी डॉमस्टाल १० मिलिग्रॅम तीन वेळा लिहून दिलेली आहे आणि सोबत पॅन-डी चालू आहे: दिवसाला ६० मिलिग्रॅम. अर्धशिशीच्या नॅक्सडॉमसारख्या गोळीतही डॉम्पेरिडोन असतं. ते नावातल्या 'डॉम'वरून ओळखता येतं. ही दुहेरी मात्रा दोन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांमधून येते. कुणाचं काही चुकलेलं नसतं, पण दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवून कुणी पाहिलेल्या नसतात.

याहून गंभीर जोडी आहे ती पॅन-डी आणि इट्राकोनॅझोलची. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात गजकर्ण, नायटा हट्टी झाला आहे. त्वचारोगाचे डॉक्टर इट्राकोनॅझोल आठवडेच्या आठवडे देतात. त्याने पोटात जळजळ झाली की रुग्ण स्वतःच मेडिकलमधून पॅन-डी आणतो. इथे एकाच वेळी दोन गोष्टी बिघडतात.

पहिली: इट्राकोनॅझोलच्या नेहमीच्या कॅप्सूलला रक्तात शिरायला आम्ल लागतं. ओमेप्रॅझोल ४० मिलिग्रॅमसोबत केलेल्या अभ्यासात रक्तातलं इट्राकोनॅझोल सुमारे दोन-तृतीयांशाने घटलेलं दिसलं. पँटोप्रॅझोलही आम्ल तसंच दाबतं. मग महिनाभर कॅप्सूल घेऊनही चट्टा हलत नाही, आणि दोष बुरशीच्या किंवा औषधाच्या दर्जाच्या माथी जातो. दुसरी: जेवढं इट्राकोनॅझोल रक्तात पोचतं, तेवढं यकृतातलं सीवायपी ३ए४ हे विकर रोखतं, आणि डॉम्पेरिडोनचा निचरा त्याच विकराकडून होतो. त्याच कुळातल्या केटोकोनॅझोलबरोबर डॉम्पेरिडोनची रक्तातली पातळी तिपटीच्या आसपास गेलेली आढळली आहे. म्हणून ही जोडी 'जपून घ्या' या वर्गातली नाही, निषिद्ध आहे. सकाळी एक आणि रात्री एक असं केल्यानेही ती सुरक्षित होत नाही.

मग करायचं काय? इट्राकोनॅझोलची नेहमीची कॅप्सूल भरपेट जेवणानंतर लगेच घ्या. जळजळ झालीच तर त्यातल्या त्यात अँटासिड जेल बरं, कॅप्सूलच्या दोन तास आधी किंवा दोन तास नंतर. पित्ताची रोजची गोळी टाळता येत नसेल, तर त्वचेच्या डॉक्टरांना तसं सांगा. ते साध्या कोलासारख्या आंबट पेयाबरोबर कॅप्सूल घ्यायला सांगतात (डाएट कोला चालत नाही), किंवा सुबा-इट्राकोनॅझोल लिहून देतात. सुबा प्रकाराला आम्ल कमी असल्याचा तसा फटका बसत नाही. डॉम्पेरिडोनवरची बंदी मात्र सुबालाही लागू आहे, हे विसरू नका.

तीच बंदी क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिनलाही आहे. क्लॅरिथ्रोमायसिन म्हटलं की अनेकांना वाटतं, ते कुठे आपल्याला देणार? पण जठरातल्या एच. पायलोरी जंतूसाठी जे किट दिलं जातं, त्यात बहुधा क्लॅरिथ्रोमायसिनच असतं. किटमध्ये पित्ताची गोळी आधीच असते, तरी जुनी पॅन-डी सवयीने चालूच राहते. किट सुरू होईल त्या दिवशी पॅन-डी थांबायला हवी, त्याबद्दल डॉक्टरांना त्याच भेटीत विचारा. घशासाठी लिहिलेलं ॲझिथ्रोमायसिन डॉम्पेरिडोनची पातळी तेवढी वाढवत नाही, पण स्वतः क्यूटी लांबवतं. वय साठीच्या पुढे, हृदयविकार, किंवा उलट्या-जुलाबाने पोटॅशियम घटलेलं, असा माणूस असेल तर ही जोडीसुद्धा नको. उलटीवरचं ऑनडॅनसेट्रॉन, म्हणजे एमेसेट, याच माळेतलं आहे. धडधड वाटली किंवा भोवळ येऊन पडायला झालं, तर ते पित्तामुळे झालं असं समजून घरी बसू नका. ईसीजी काढून घ्या.

आमचं मत: नुसती जळजळ असेल तर 'डी' नसलेली साधी पँटोप्रॅझोलची गोळी पुरेशी आहे. मेडिकलमध्ये 'पॅन द्या' म्हटलं की कित्येकदा पॅन-डी हातात पडते. पट्टी उलटून बघा.

थायरॉइडची गोळी आणि पँटोप्रॅझोल: सकाळची गर्दी

थायरोनॉर्म किंवा एल्ट्रॉक्सिन उपाशीपोटी घ्यायची, पँटोप्रॅझोलही नाश्त्याआधी अर्धा तास. दोन्ही एकाच घोटाबरोबर गिळणारे पुष्कळ आहेत. व्यवहारात बसेल असं वेळापत्रक असं: उठल्याबरोबर सहाला थायरॉइडची गोळी, फक्त साध्या पाण्याबरोबर. पावणेसातला पँटोप्रॅझोल. सव्वासातला चहा-नाश्ता. किंवा पँटोप्रॅझोल रात्रीच्या जेवणाआधी अर्ध्या तासावर न्या, सकाळ मोकळी होते. लोह किंवा कॅल्शियमची गोळी थायरॉइडच्या गोळीनंतर चार तासांच्या आत नको.

या वेळापत्रकाने गोंधळ कमी होतो, मूळ अडचण मात्र उरतेच. पँटोप्रॅझोल रक्तातून काही तासांत निघून जातं, पण त्याने बंद केलेले आम्लाचे पंप बंदच राहतात. शरीराला नवे पंप बनवावे लागतात. रोज गोळी घेणाऱ्याचं आम्ल त्यामुळे चोवीस तास कमी असतं, आणि थायरॉइडची गोळी नीट विरघळायलाही आम्लाचा हातभार लागतो. म्हणून पँटोप्रॅझोल रोजचं होणार असेल तर ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासा. टीएसएच वर गेलेलं असेल तर थायरॉइडची मात्रा थोडी वाढवावी लागेल. कारण न शोधता मात्रा वाढवली, तर पुढे वेगळाच घोळ होतो. तो शेवटी सांगतो.

आम्लावरच अवलंबून असलेली आणखी दोन रोजची औषधं: लोहाची गोळी आणि शेलकॅलसारखी कॅल्शियम कार्बोनेटची गोळी. पित्ताची गोळी चालू असेल तर कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबरच घ्या, किंवा डॉक्टरांना विचारून कॅल्शियम सायट्रेट घ्या. सायट्रेटला आम्ल लागत नाही. मेटफॉर्मिन आणि पित्ताची गोळी दोन्ही वर्षानुवर्षं चालू असतील तर बी-१२ तपासून घ्या, दोघांनीही ते घटतं. पाणी कमी करणारी फ्युरोसेमाइड किंवा टोरसेमाइडची गोळी आणि डिगॉक्सिन घेणाऱ्यांनी मॅग्नेशियमही बघावं.

ओमेझ आणि नेक्सप्रो

ओमेझमध्ये ओमेप्रॅझोल असतं, नेक्सप्रोमध्ये एसोमेप्रॅझोल. जळजळीवर उत्तम. पण क्लोपिडोग्रेल, म्हणजे स्टेंटनंतरची रक्त पातळ करणारी गोळी, घेणाऱ्यांसाठी आमची निवड नाही. क्लोपिलेट, डेप्लॅट या नावांनी मिळणारं क्लोपिडोग्रेल गिळताना निष्क्रिय असतं. यकृतातलं सीवायपी २सी१९ हे विकर त्याला कामाचं बनवतं. ओमेप्रॅझोल आणि एसोमेप्रॅझोल नेमकं हेच विकर अडवतात. अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीएने २००९ मध्ये ही जोडी टाळायला सांगितलं आणि सोबत हेही स्पष्ट केलं, की दोन गोळ्यांच्या वेळा वेगळ्या केल्याने परिणाम टळत नाही. भारतीयांमध्ये हे विकर जन्मतःच मंद असणारे लोक बरेच आहेत, त्यामुळे आपल्याकडे ही गोष्ट जास्त मनावर घ्यायला हवी.

दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या कोजेंट चाचणीत क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन घेणाऱ्यांना ओमेप्रॅझोल दिल्यावर पोटातला रक्तस्राव घटला आणि हृदयाच्या घटना वाढलेल्या दिसल्या नाहीत. पण ती चाचणी मुदतीआधीच थांबली होती, त्यामुळे शेवटचा शब्द म्हणून ती धरता येत नाही. यातून धडा असा घेऊ नये की स्टेंटवाल्या माणसाने पित्ताची गोळीच बंद करावी. दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर पोटातून रक्तस्राव होण्याची भीती खरी आहे, आणि तो थांबवायलाच ही गोळी दिलेली असते. ओमेप्रॅझोलऐवजी पँटोप्रॅझोल घेता येतं, त्याची या विकरावरची पकड बरीच ढिली आहे. हा बदल हृदयाच्या डॉक्टरांना विचारून करा, आणि मध्ये एकही दिवस रिकामा जाऊ देऊ नका.

जेल्युसिल, डायजीन: गुलाबी बाटलीचे नियम

ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमचे हायड्रॉक्साइड, वर गॅसचे बुडबुडे फोडणारं सिमेथिकोन. काही मिनिटांत आराम देतं. यकृताशी याची भानगड नाही, ही जमेची बाजू. याची खोड म्हणजे चिकटणं. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम काही प्रतिजैविकांना असं पकडतं की ती आतड्यातून तशीच बाहेर पडतात. पण वेळ नीट पाळली की हे पूर्ण टळतं, म्हणून या औषधाला आम्ही चांगले गुण देतो.

वेळा अशा. सिप्रोफ्लॉक्सासिन जेलच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. डॉक्सीसायक्लिनला दोन-तीन तासांचं अंतर. थायरॉइडच्या गोळीला चार तास. लोहाला दोन तास. एचआयव्हीच्या उपचारातल्या डोल्युटेग्रॅव्हिरला सिप्रोचाच नियम: दोन तास आधी, सहा तास नंतर. हा नियम मोडला तर विषाणू दबलेला राहत नाही, म्हणून तिथे अजिबात सूट नाही. आणि सहज नजरेतून सुटणारी जोडी म्हणजे रोसुवास्टॅटिन. कोलेस्टेरॉलची ही गोळी बरेच जण रात्री जेवणानंतर घेतात, आणि जेलचा चमचाही नेमका त्याच वेळी. एकत्र घेतल्यास गोळीचा निम्मा भाग वाया जातो. गोळी आधी घ्या, जेल त्यानंतर किमान दोन तासांनी. रात्री हे जमत नसेल तर रोसुवास्टॅटिन सकाळी घेतलं तरी चालतं, त्याचा असर दिवसभर टिकतो.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर ही बाटली घरात नको. ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडाचं असतं. त्यातही लघवीच्या जळजळीसाठी सायट्रेटचं सिरप, म्हणजे सिट्राल्कासारखं, चालू असेल तर धोका वाढतो, कारण सायट्रेटमुळे ॲल्युमिनियम आतड्यातून जास्त शोषलं जातं. लघवीची जळजळ आणि पोटाची जळजळ एकाच आठवड्यात होणं काही दुर्मीळ नाही, आणि दोन्ही बाटल्या चिठ्ठीशिवाय मिळतात.

सुक्राल्फेटचं सिरपही चिकटणाऱ्यांतलंच आहे, त्यातही ॲल्युमिनियम असतं. जेवणाआधी एक तास, रिकाम्या पोटी. जेलबरोबर एकत्र घेऊ नका, अर्ध्या तासाचं अंतर हवं. व्रणावर बसायला सुक्राल्फेटला आम्ल लागतं.

ईनो

एका ५ ग्रॅमच्या पुडीत पाऊण ग्रॅमच्या वर सोडियम जातं. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी सांगितलेली दिवसाची मर्यादा २ ग्रॅमच्या खाली आहे. बीपीची गोळी घेऊन, लोणचं-पापड सोडून, वर दिवसाला दोन पुड्या पिणाऱ्याचं बीपी आटोक्यात का येत नाही, याचं उत्तर इथे आहे. हृदय कमजोर असणाऱ्यांनी आणि लिथियम घेणाऱ्यांनी टाळावं. सोडा लिथियम लघवीवाटे बाहेर काढतो. बाकी निरोगी माणसाने लग्नाच्या जेवणानंतर एखादी पुडी घेतली तर काही बिघडत नाही.

जुलाब आणि बद्धकोष्ठाच्या गोळ्या

नॉरफ्लॉक्स-टीझेड जुलाबावर स्वतःच्या मनाने घेतली जाते आणि सोबत दहीभात खाल्ला जातो. दही पोटाला चांगलंच, पण दह्यातलं कॅल्शियम नॉरफ्लॉक्सासिनला धरून ठेवतं आणि शोषण निम्म्यावर येऊ शकतं. गोळी दूध-दही किंवा जेवणाच्या एक तास आधी किंवा दोन तास नंतर घ्या. झिंकची गोळीही तिच्याबरोबर नको. यातलं टिनिडॅझोल, तसंच मेट्रोनिडॅझोल, ॲसिट्रॉम किंवा वॉर्फरिन घेणाऱ्याचं रक्त जास्तच पातळ करतं. कोर्स घ्यायचाच झाला तर तीन-चार दिवसांत आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते दाखवणारी तपासणी) तपासा. ग्लिमेपिराइडसारख्या शुगरच्या गोळीबरोबर नॉरफ्लॉक्सासिनच्या कुळातली प्रतिजैविकं साखर अचानक खाली आणू शकतात, त्यात जुलाबामुळे जेवणही कमी झालेलं असतं. कंबरदुखीसाठी टिझॅनिडिन चालू असताना सिप्रोफ्लॉक्सासिन निषिद्ध आहे. साध्या पाणीदार जुलाबाला बहुतेक वेळा ओआरएस पुरतं, आणि ओआरएसचं दुसऱ्या औषधांशी क्वचितच वाकडं येतं.

डल्कोलॅक्सच्या गोळीवरचा लेप आतड्यात विरघळायला बनवलेला असतो. रात्री कोमट दुधाबरोबर घेतली तर तो जठरातच सुटतो आणि पहाटे पोटात पिळवटून येतं. दूध आणि अँटासिडपासून किमान एक तास दूर, पाण्याबरोबर. इसबगोल भरपूर पाण्यातून, दुसऱ्या गोळ्यांपासून दोन तास लांब. सोनामुखीची चूर्णं रोज घेणाऱ्याचं पोटॅशियम घटतं, आणि घटलेलं पोटॅशियम म्हणजे वर डॉम्पेरिडोनबद्दल सांगितलेला धोका वाढणं.

रॅनिटिडिनची जागा

रॅनिटिडिनची रॅनटॅक अजून मिळते. अमेरिकेने २०२० मध्ये एनडीएमए या कर्करोगाचा संशय असलेल्या अशुद्धीमुळे रॅनिटिडिन बाजारातून काढलं, आणि भारताच्या २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ते वगळलं गेलं. त्याच्या जागी फॅमोटिडिन चांगलं आहे. यकृतातल्या विकरांना ते फारसं छेडत नाही, त्यामुळे क्लोपिडोग्रेलबरोबरही चालतं. आम्ल मात्र तेही कमी करतं, म्हणून इट्राकोनॅझोलच्या नेहमीच्या कॅप्सूलची अडचण तिथे कायम.

आता तो शेवटचा घोळ. पँटोप्रॅझोल चालू असताना टीएसएच वाढलं म्हणून थायरॉइडची मात्रा ७५ वरून १०० मायक्रोग्रॅम केली, असं समजा. सहा महिन्यांनी पित्ताची गोळी बंद होते, तीन ते पाच दिवसांत आम्ल परत येतं, आणि तीच १०० ची गोळी आता पूर्ण शोषली जाते. हात थरथरणं, झोप उडणं, धडधड, वजन उतरणं, ही लक्षणं हळूहळू सुरू होतात आणि पित्ताच्या गोळीशी त्यांचा संबंध कुणाला सुचत नाही. म्हणून पित्ताची रोजची गोळी बंद केल्यानंतरही ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच करा, आणि तपासणीच्या कागदावर गोळी बंद केल्याची तारीख लिहून न्या.